अर्ध्या सदऱ्यावरून उठणारी गंगाक्का

गंगाक्का शिवता शिवता मध्येच उठायची. बाही अर्धी जोडलेली, सुई कापडात रुतलेली, आणि ही बाई पदर खोचून सरळ उभी! "बसा गं तुमी. माजं पाय हायत का गेलं, बघून येते," म्हणत अंगणात एक फेरी मारून यायची. आम्ही बाकीच्या माना खाली घालून हातमशीन फिरवत राहायचो. तिचा राग यायचा, आणि हेवाही वाटायचा.

लढाईची वर्षं होती. साताऱ्यात एका गोदामात शिपायांचे सदरे शिवायचं काम निघालं होतं. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आम्हा बहुतेकींचा नवरा नाहीतर भाऊ पलटणीत होता. कुणी सुरू केलं देव जाणे, पण तिथे एक समजूत रुजली होती: हातातला सदरा अर्धा टाकून उठलं, तर तो घालणारा शिपाई अर्ध्या वाटेतच राहतो. मग उठणार कोण? सदरा पुरा झाल्यावर उठावं, तर देखरेखीवरचे मास्तर तेवढ्यात पुढचं कापड मांडीवर टाकायचे. ती समजूत त्यांच्या फारच सोयीची होती. त्यात अंगणात कापड बेतणारे पुरुष. त्यांच्यासमोरून मोरीकडे जायची लाज. आम्ही सकाळचं पाणी पिणंच सोडलं होतं. आणि हे सगळं निष्ठा म्हणून मिरवत होतो. जी जास्त वेळ बसेल ती जास्त घरंदाज!

गंगाक्का आटपाडीकडची. तिचा नवरा ब्रह्मदेशात लढत होता, त्यामुळे तिला बेफिकीर म्हणायचीही सोय नव्हती. मास्तरांनी एकदा हटकलं तेव्हा म्हणाली, "आवं मास्तर, बैल बी दुपारी सोडत्यात. आमी काय त्येच्यापरीस दांडग्या हाय?" मास्तरांना हसू आवरेना.

मला तेव्हा दिवस गेले होते. आमचे हेही पलटणीत. पाय इतके सुजले की जोडवी रुतायची. सुईणीने बजावलं होतं, अशी बसून राहिलीस तर बाळाचं काही खरं नाही. गंगाक्का रोज म्हणायची, "ऊठ की गं पोरी." मी उठत नव्हते. उठले तर नवरा जाईल, बसले तर बाळ, या भीतीने मला पार जखडून टाकलं होतं.

मग तार आली. गंगाक्काचा नवरा लढाईत पडला. शेजारची शेवंता तिच्या रिकाम्या जागेकडे बघून पुटपुटली, "मी म्हनत हुते, उठू नगं." मला ते खरं वाटलं. मी आणखी घट्ट मांडी घातली.

सुतक संपल्यावर गंगाक्का परत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. जागेवर बसली. मशीन चालू झालं, अर्धी बाही झाली आणि थांबलं. गंगाक्का उभी राहिली.

"अगं, येवढं हून बी?" शेवंता ओरडली.

"व्हय, येवढं हून बी. माजा धनी गोळीनं गेला, माज्या उठण्यानं न्हाई. आज मी बसून ऱ्हायले, तर मीच त्येला मारला आसं हुईल. त्ये मी मानायची न्हाई." मग तिने माझ्यापुढे हात केला. "ऊठ पोरी. तुजा मानूस तुज्या हातात न्हाई. प्वार हाय."

मांडीवर अर्धा सदरा होता. मनातल्या मनात ह्यांची क्षमा मागितली आणि तिचा हात धरून उठले. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिने मला पडू दिलं नाही. बेतणाऱ्या पुरुषांसमोरून आम्ही दोघी ताठ मानेने गेलो. परतताना बघते तर शेवंताही दाराशी उभी, बाहेर यायला.

श्रावणात मला मुलगा झाला, चांगला धडधाकट. त्याचे वडील मात्र परतले नाहीत. तार आली त्या दिवशी गोदामातल्या एकाही बाईने माझ्या उठण्याचं नाव काढलं नाही. मीही स्वतःला बोल लावला नाही. ते बळ गंगाक्काचं. ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. खूप वेळाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल, ऊठ. जरा चालून यिऊ."