नव्या लेन्सची पूजा

हा किस्सा मी सांगणारच नव्हतो. पण तिकडे धुळ्याला अक्का भेटेल त्याला सांगत सुटलीय, तेही तिखटमीठ लावून. म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी. निदान मीठ तरी आपल्या हातचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, गेल्या वर्षी गेले. भजनाला काय आवाज होता त्यांचा! भजनी मंडळाने त्यांच्या भजनांची एक सीडी केली होती, एकच. अक्काचं म्हणणं एवढंच, की वर्षश्राद्धाला ती दाजींच्याच प्लेअरवर लागली पाहिजे. आणि प्लेअर नेमका 'नो डिस्क' दाखवत बसलेला.

मी तिथेच होतो. गप्प बसावं की नाही? म्हणालो, "मी जळगावला नेतो आणि करून आणतो."

अक्काने माझ्याकडे नीट बघितलं. "भाऊ, तुले जमी का? त्यापेक्षा दुकानमा देई टाक ना."

"दुकान कशाला? लेन्स गेलीय, बाकी काही नाही."

तिने प्लेअर दिला. सीडी मात्र कपाटातून बाहेर काढली नाही.

आता माझं निदान बरोबर होतं, हे आधी मान्य करा. लेन्स खरंच गेली होती. जळगावात मेहरूणला आमच्या घरी मी जुनी काढून नवी बसवली, वायरची पट्टी नीट खोचली. आमच्याकडे नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय सुरू करत नाहीत, मग तो मिक्सर असो की स्कूटर. बायकोने डबी आणली आणि प्लेअरच्या डोक्यावर बोट टेकवणार, तेवढ्यात मी अडवलं.

"अगं, डबा तर जुनाच आहे. यात नवं काय? लेन्स. कुंकू लेन्सला लावायचं."

हरभऱ्याच्या डाळीएवढी ती लेन्स. पण मी अगदी मधोमध लावलं. आधी हळद, मग कुंकू. घरातली एक सीडी घातली.

नो डिस्क.

"मला यातलं काही कळत नाही, पण..." बायको म्हणाली.

"कळत नाही ना? मग थांब."

लेन्स घेतली होती त्या दुकानात जाऊन मी दुकानदाराला असं झापलं, की त्याने मुकाट्याने दुसरी लेन्स काढून दिली. तिचीही पूजा झाली. पहिल्या वेळी काही राहून गेलं असेल म्हणून या वेळी उदबत्तीही ओवाळली. नो डिस्क. मग मोटर बदलली. तिसरी लेन्स दुसऱ्या दुकानातून आणली, कारण पहिला दुकानदार मला लांबून बघूनच आत गेला. तिलाही कुंकू, जरा जास्तच. पुन्हा तेच.

श्राद्ध दोन दिवसांवर आलं. अक्काला काय सांगायचं, या विचाराने मला जेवण जाईना. शेवटी गुपचूप रशीदभाईंकडे गेलो. तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं.

"साहेब, ही लेन्स कोणी बसवली?"

"मीच."

"बसवलीय चांगली. पण हिला टिळा कोणी लावला?"

"मीच," मी जरा हळू म्हणालो.

"अहो, हिच्यातून तो सीडी वाचतो. डोळ्यातच कुंकू घातलं तर त्याला दिसणार काय?"

त्यांनी कापसाला स्पिरिट लावलं, लेन्स पुसली, त्यांच्याकडची एक सीडी घातली. लगेच वाजली. आधीच्या दोन लेन्सही चांगल्याच असणार, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. त्या पहिल्या दुकानाच्या बाजूने मी अजून जात नाही.

धुळ्याला सगळे जमले. मंडळ, पाहुणे, शेजारी. प्लेअर कोणी दुरुस्त केला हे कुणी विचारलं नव्हतं, तरी 'मीच केला' असं दोघातिघांना सांगून झालं होतं. मग अक्काने सीडी हातात दिली आणि मी ती लावली.

आधी खरखर, मग पेटीचा सूर. आणि भजनाच्या आधी दाजींचा आवाज. रेकॉर्डिंग सुरू झालंय, हे त्यांना माहीत नसावं.

"हाई मशीन बंद पडनं तर मना मेहुणाले दखाडू नका रे. तो बठ्ठं खोली टाकी."

मेहुणा म्हणजे मीच, दिसेल ते सगळं खोलून ठेवणारा. मंडळ खो खो हसलं. मी मान खाली घालून बसलो. मान वर केली तर अक्का पदर तोंडाला लावून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. वर्षभरात ती हसलेली मी पाहिली नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "तेवढं परत लाव."

लावलं. मग आणखी एकदा लावलं. पहिल्या भजनापर्यंत पोचायला आम्हाला अर्धा तास लागला.