सुतकात पावाची वेणी

अमेरिकेत, पार्सिपनीला, मी एका ज्यू बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहते. मनातल्या मनात आणि घरच्यांशी बोलताना मी त्यांना आजी म्हणते. संधिवातानं त्यांची बोटं वाकली आहेत, म्हणून दर शुक्रवारी त्यांच्या हल्ल्याची वेणी मी घालते. हल्ला म्हणजे अंडं घातलेला, किंचित गोड पाव. सूर्य मावळला की प्रार्थना म्हणून तो मोडायचा. पीठ मळायचं काम ब्रेड मशीनचं. "माझ्या सुनेपेक्षा बरं," आजी म्हणतात, "मळतं आणि सल्ले देत नाही."

माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या अभ्यासाबद्दल त्यांना काही विचारता यायचं नाही आणि मलाही नीट सांगता यायचं नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांना ते मशीन दिसलं.

"फोन जवळ धर. आवाज ऐकू दे." मी धरला. "पट्टा सैल झालाय बघ. आजींना सांग, चालेल अजून, पण लक्ष ठेवा."

त्यानंतर फोनवर आमचा तोच विषय असायचा.

त्या गुरुवारी सकाळी दादाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. "तू निघू नकोस," तो म्हणाला. "तू पोचेपर्यंत थांबता नाही येणार." मी बरं म्हटलं. मग क्लासला गेले, असाइनमेंट सबमिट केली. रडू येईल असं वाटून बाथरूममध्ये जाऊन थोडी थांबलेही. आलं नाही.

शुक्रवारी दुपारी खालून मशीनची खरखर ऐकू आली. ती थांबली तशी मी सवयीनं खाली गेले, हात धुतले आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. आम्हाला सुतक होतं. सुतकात देवाच्या कशालाही हात लावायचा नाही, हे आईनं लहानपणापासून सांगितलेलं. हा पाव त्यांच्या देवाचा. त्यांच्या देवाला आमचं सुतक चालतं का, मला माहीत नव्हतं. न सांगता वेणी घातली असती तर त्यांना कळलंही नसतं. पण ते मला जमेना. आणि सांगायचं तर एक वाक्य म्हणावं लागणार होतं, जे मी अजून कुणापाशीच म्हटलं नव्हतं.

"काय गं, आज तुझीही बोटं वाकली का?"

"मला आज ह्याला हात लावता येणार नाही," मी म्हटलं. "माझे बाबा गेले. काल."

आजींनी मला जवळ घेतलं नाही, ते बरं वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली. "बस. काही खाल्लंस?"

"नाही." मग मी सुतकाचं जमेल तसं सांगितलं.

"आमच्याकडे ज्याचं माणूस जातं त्यानं पहिलं जेवण आपल्या हातचं खायचं नसतं," त्या म्हणाल्या. "शेजारी आणतात. तू बस."

त्यांनी स्वतःच पेड वळायला घेतले. पेड बोटांतून निसटायचे, त्या काहीतरी पुटपुटत पुन्हा धरायच्या. दोन पाव झाले. एका वेणीचं टोक सुटलेलं, दुसरी मधेच फुगलेली.

"हसायचं नाही."

"नाही हसत." हसू आलंही नव्हतं.

भाजून झाल्यावर, ऊन असतानाच, त्यांनी एक पाव कापला.

"पण प्रार्थना?"

"प्रार्थनेला दोन पाव लागतात. आज एकावर भागवू. देवाला मी सांगेन."

मी खाल्लं. चव कळली नाही. गरम आहे एवढं कळलं.

मग आईचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी अजून कोणी झोपलं नव्हतं.

"खाल्लंस का गं काही?"

"पाव. खालच्या आजींनी केला. मला करू दिला नाही."

"इथंही शेजारच्या काकूंनीच पिठलं-भात आणला. बरं झालं. खा." पावात अंडं आहे, हे मी सांगितलं नाही.

"ते मशीन चालतंय का अजून?" तिनं विचारलं. "ह्यांना त्याचीच काळजी."

"चालतंय," मी म्हटलं. पुढं पट्ट्याबद्दल सांगायला गेले, तर आवाज फुटेना.