लाँड्रीवाल्या आजींची खूण

लाँड्रीवाल्या आजींनी चाळीस वर्षं गावाचे कपडे धुतले, पण गिऱ्हाइकाचं नाव वहीत कधी लिहिलं नाही. प्रत्येक घराची लाल दोऱ्याची एक खूण ठरलेली. कपडा आला की आधी कॉलरच्या आत टाके पडायचे, मगच तो पाण्यात जायचा. माणूस विसरला तरी चालेल, खूण विसरायची नाही, हा त्यांचा बाणा. स्वतःच्या कपड्यावर मात्र खूण घालायची नाही. घातली की घरचा कपडा गिऱ्हाइकाचा झाला, असं त्या म्हणत.

म्हातारपणी डोक्यानं दगा दिला. सकाळचा चहा घेतला की नाही हे दुपारी आठवेना. पोटच्या मुलीला कधी ताई म्हणायच्या, कधी डॉक्टरीणबाई. दुकान बंद झालं तरी अंगावरचा एप्रन सुटला नव्हता आणि त्याच्या खिशात सुई-दोरा असायचाच.

समोरच्या जिन्यावरून घड्याळवाले पडून वारले, त्या दुपारी आजी एकट्याच खिडकीत होत्या. संध्याकाळी फौजदारांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, दोघं होते, एकानं ढकललं. तो कोण, म्हटल्यावर पाटी कोरी. गाव मोठं शहाणं. म्हातारीला काय कळतंय म्हणणारेच येता-जाता खिडकीपाशी थांबून, आठवलं का, म्हणून विचारू लागले.

आजींना भीतीनं घेरलं होतं. दारावर थाप पडली की त्या मुलीचा हात धरून ठेवत. ज्यानं ढकललं तो इथेच हिंडतोय, कदाचित आपल्याच खोलीत येतोय आणि आपण त्याला या, बसा म्हणतोय, या विचारानं त्यांना घास गिळवत नव्हता.

घड्याळवाल्यांचा पुतण्या, वेगळं बिऱ्हाड करून राहणारा, रोज पाचला यायचा. त्या दिवशी आपण परगावी होतो, काकांची शेवटची भेटही झाली नाही, असं डोळे पुसून सांगायचा. केळी आणायचा, खुर्ची जवळ ओढायचा आणि हळूच विचारायचा, आजी, काही आठवलं का? किती मायाळू माणूस, असं मुलीला वाटायचं.

एकदा त्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं. मुलीनं कोट मागून घेतला आणि आईच्या हातात दिला, तेवढाच हाताला चाळा. आजींनी सवयीनं आधी कॉलर उलटली. आत तीन उभे टाके, वर एक आडवा. दोरा जुना, टाके त्यांचेच. मग सुई काढायला त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला, तर खिशाच्या काठाशी बोटाला तेच लागलं. तीन उभे, एक आडवा.

स्वतःच्या एप्रनवर त्यांनी जन्मात खूण घातली नव्हती. ही कधी घातली ते आठवेना. त्या दुपारी खिडकीत बसल्या बसल्या, तो कोण हे विसरण्याआधी घातली असणार. एवढं त्यांना कळलं. दोन मिनिटांनी हेही डोक्यातून जाईल, आणि तो तर हाताच्या अंतरावर बसून केळं सोलत होता.

राहू द्या बटण, म्हणत त्यानं हात पुढे केला.

आजींनी कोट पोटाशी धरला. "आज मिळायचा नाही." आवाज कापत होता, पण वाक्य दुकानातलं होतं, चाळीस वर्षं घोटलेलं. "उद्या या."

मुलगी हसत कोट सोडवायला वाकली. आजींनी तिचं मनगट घट्ट धरलं, तिची बोटं आधी कॉलरखाली नेली, मग एप्रनच्या खिशावर. मुलीचं सगळं लहानपण त्या दुकानात गेलं होतं. तिचं हसू मावळलं.

"उद्याच या तुम्ही," ती पुतण्याला म्हणाली. "आई ऐकायची नाही."

त्यानं कोटाकडे बघितलं, मग समोरच्या जिन्याकडे, आणि निघून गेला. मुलीनं खालची कडी लावली, वरची लावली आणि फौजदारांना फोन केला. खिडकीतून बघितलं तर तो पलीकडच्या फुटपाथवरच उभा होता.

"कोण आलं होतं गं?" आजींनी विचारलं.

कुणी नाही, असं मुलगी म्हणाली. आजींनी मान हलवली. पण कोट काही त्यांनी सोडला नाही, आणि आपण कशाला घाबरलोय हे ठाऊक नसताना लेकीला पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, जवळ बस.