डाग न धरणारे लंगोट

आमच्या संशोधनाचा प्रश्न सरळ होता. पित्ताची नळी जन्मतः बंद असलेली बाळं शस्त्रक्रियेला इतक्या उशिरा का येतात? अशा बाळाचं आतडं थेट यकृताला जोडावं लागतं, आणि ते साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर उपयोग. पुढं यकृत कडक होत जातं आणि आम्ही नुसतं बघत राहतो. त्या बघत राहण्याचा मला वीट आला होता, म्हणून मी लोहारा तालुक्यात गावोगाव हिंडत होते.

आजाराची खूण तशी उघड असते. पित्त आतड्यात उतरत नाही, त्यामुळं शी पांढुरकी होते. कावीळ न हटलेल्या बाळांच्या आयांना मी रंग विचारायचे. सगळ्या म्हणायच्या, "पिवळीच की." मी मान डोलवून पुढच्या घरी जायचे.

सास्तूरला एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला महिना होऊन गेला होता, तरी डोळे पिवळे होते. तिनंही पिवळीच सांगितलं. मी हात धुवायला मागच्या दारी गेले, तर तिची आई दगडावर लंगोट धूत होती. बाळंतिणीनं सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, हे मला काय नवीन होतं? माझ्या वेळी माझ्या आईनंच सगळं धुतलं होतं. शी बघणारं माणूस इथं होतं आणि मी आत बाजेशी बसून विचारत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"नातू लई गुणाचा हाय," आजी म्हणाल्या. "मुताचा तेवढा पिवळा डाग पडतो. शीचा म्हनाल तर कायबी न्हाय. खडूवानी असती. नुसतं खंगाळलं की लंगोट साफ."

मला राग आला, कुणाचा ते कळेना. तिथंच दगडाशेजारी बसून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"कावीळ तर उतरवून आनलीया आमी," त्या म्हणाल्या. "आन् सव्वा महिना झाल्याबिगर बाळ-बाळंतीण उंबऱ्याभाईर..." पिळलेला लंगोट उलगडून त्यांनी उजेडात धरला. "म्या गल्लीत ह्याचंच कौतुक सांगत हुते."

मग आत जाऊन लेकीला म्हणाल्या, "कानाला फडकं बांध. निघायचंय."

सोलापूरला आमच्या सरांनी शस्त्रक्रिया केली. ती झाली म्हणजे पित्त उतरतंच असं नाही, हे मी आजींना आधीच सांगितलं होतं. मी पुन्हा गावांत फिरू लागले. प्रश्न तोच ठेवला, पण आता आधी मागच्या दारी जात होते.

एका दुपारी आजींचा फोन आला. मागं नळ वाहत होता.

"म्याडम, घासून घासून हात दुखायलेत. डाग निघंना."

मला फार बरं वाटलं. "मग राहू द्या ना, आजी," मी म्हटलं. "घासता कशाला?"

"निघत न्हाय ते बघायलाच घासायले," त्या म्हणाल्या.