रविवारचा पाय

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली आणि माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे पाहून म्हणाले, "इन्फन्टाइल पॅरालिसिस." म्हणजे लहान मुलांना होणारा पक्षाघात. हल्ली सगळे पोलिओ म्हणतात. मी नऊ वर्षांची होते. ताप उतरला म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली होती. ताप माझा डावा पाय घेऊन गेला, हे आम्हाला नंतर कळलं.

इस्पितळात बरेच महिने गेले. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या घोंगडीच्या पट्ट्या, प्लास्टर, आणि बाकावर बसून वाट बघणं. शेवटी कॅलिपर मिळाला. दोन लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे, पाय ताठ धरून ठेवणारे. डॉक्टर म्हणाले, "झोपेपर्यंत काढायचा नाही. नाहीतर कॉन्ट्रॅक्चर होईल." म्हणजे स्नायू आखडतात आणि गुडघा वाकडाच राहतो. "रोज चालली, तर जन्मभर चालेल."

मी रोज चालले. डोंबिवलीच्या शाळेने मात्र हात वर केले. पडली तर जबाबदारी कुणाची, म्हणाले. अण्णा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी ओळखी काढून कोलशेतच्या बाजूला अपंग मुलींचा एक आश्रम शोधला. तिथे शिकवायचेही.

पहिल्याच संध्याकाळी तिथल्या मोठ्या बाईंनी माझा कॅलिपर काढून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. सगळ्या मुलींचे तिथेच होते. "चालाल, पडाल, मोडून ठेवाल. मग निस्तरायचं कुणी?" रविवारी पालक भेटायला येत, तेव्हा कपाट उघडे. पट्ट्यांना खोबरेल लावून आम्हाला ओळीने उभं करत. एरवी आम्ही फरशीवर हातांनी सरपटत असू, मोरीपर्यंतसुद्धा. माझ्या गुडघ्यांची सालटी निघाली.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"हळू बोल, सुमे. लोकांच्या पोरी सांभाळतात त्या. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

धर्माची गाय! तो कॅलिपर माझ्या पायाच्या मापाचा होता. दुसऱ्या कुणाला तो बसलाही नसता.

संक्रांत रविवार सोडून आडवारी आली. अण्णा अर्धी रजा काढून तिळगूळ घेऊन आले. मला ते फाटकात दिसले आणि मी अंगणातून सरपटत त्यांच्याकडे निघाले. माझ्यामागून आणखी दोघीतिघी. अण्णा डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

मोठ्या बाई धावत आल्या. "अहो, आजच तेल लावायला काढलेत सगळे!"

आणि माझ्या वडिलांनी डबा उघडला, बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." जन्माची सवय. मग त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या," म्हणाले. एका हातात कॅलिपर आणि पाठीवर मी, असे आम्ही बाहेर पडलो.

डॉक्टरांनी पाय सरळ करायचा प्रयत्न केला. मी किंचाळले. "कॅलिपर काढला कुणी?" त्यांनी विचारलं. "कुठला आश्रम? मी लिहून कळवतो वर." अण्णा खाली मान घालून म्हणाले, "जाऊ द्या. त्यांनी ठेवून तरी घेतलं होतं."

आश्रमातल्या बाकीच्या मुली तिथेच राहिल्या. माझा गुडघा वाकडा तो वाकडाच. अण्णांनी मला पाठीवरून शाळेत नेलं, मॅट्रिक केलं, त्याचे उपकार मी मानते. पण आश्रमाचं नाव सांगायचं ते एक वाक्य त्यांनी गिळलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल आणि कुठे ठेवावंच लागलं, तर रविवारी जाऊ नका. न कळवता जा. भिंतीवरचे देणगीदारांचे फोटो बघू नका, मुलांचे गुडघे बघा. कपाटाची किल्ली मागा. उद्धट म्हणतील, म्हणू द्या.

मी दर संक्रांतीला अशा एखाद्या आश्रमात जाते. तिळगूळ देते. गोड बोलायचं ते गुडघे बघून झाल्यावर.