गोदूकाकींचा रखडणारा कॉम्प्युटर

नवरा गेल्यावर नागावच्या गोदूकाकींनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायचा धंदा एकहाती उभा केला. बुकिंगचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत हातातला चहा निवायचा, म्हणून त्यांनी मला दुरुस्तीला बोलावलं. बघतो तर काकींच्या मुंबईतल्या चिरंजीवांनी दर गणपतीत येऊन त्यात गेम, शेअर बाजार, काय वाट्टेल ते भरलेलं. कॉम्प्युटर लावला की ते सगळं आपोआप चालू व्हायचं.

"त्यांना विचारून काढू?"

"घालताना मला इचारलं व्हतं? यायचं, जेवायचं, पसारा टाकून निघायचं. वर्षभर साधा फोन न्हाय. काढ सगळं!"

काढलं. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. काकींनी लगेच बुकिंग उघडलं आणि दर गणपतीत मुलांसाठी राखलेल्या खोल्या पाहुण्यांना खुल्या करून टाकल्या.