अम्मीची हमी देणारे भोईर सर

भोईर सरांची आणि माझी ओळख शाळाप्रवेशाच्या दिवशी झाली. माझी अम्मी आफ्रिकेतल्या मोंबासाची, वर्णाने काळी. कारकून तिच्याकडे न पाहता मलाच विचारत होते, "ये तेरी कौन लगती है?" सरांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा ताई. मुलगी तुमची, तर बोलणंही तुमच्याशीच." भिवंडीत तिला ताई म्हणणारे ते पहिलेच.

माझे अब्बा निजामपुऱ्यातल्या कोकणी मुसलमान घरातले. मोंबासाला नोकरी करताना त्यांनी लग्न केले आणि अम्मीला इथे आणले. मी तान्ही असतानाच ते वारले. भारतीयाची पत्नी म्हणून नागरिकत्व मागायला जितकी वर्षे लागतात, तितकी भरण्याआधीच अम्मी विधवा झाली. मी जन्माने भारतीय. मला वाढवणारी मात्र राहण्याचा परवाना पुन्हा पुन्हा मागणारी परदेशी.

पुढे मी सरांच्याच शाळेत शिक्षिका झाले. अम्मीच्या अर्जाचे सरांनी मनावर घेतले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी तिला अटी समजावल्या: अनेक वर्षांचे वास्तव्य, शेवटचे बारा महिने तर सलग, एका भारतीय भाषेचे ज्ञान, चांगली चालचलणूक आणि तिची हमी देणारे दोन नागरिक, शेवटी जुन्या देशाचे नागरिकत्व सोडणे.

"दोनच माणसं?" अम्मी हसली. "अख्खी गल्ली हाय ना, सर!"

त्या सलग महिन्यांतच मोंबासाहून फोन आला. नानी अंथरुणाला खिळली होती. सर धावत आले. "ताई, जाऊन या. अर्ज पुन्हा करता येईल, आई पुन्हा मिळायची नाही." अम्मीने माझ्याकडे पाहिले. "आणि परत येताना अडवलं तर? हिला इथं एकटीला टाकू?" ती गेली नाही. नानी वारली. त्या दिवशी सर तिच्याशेजारी नुसते बसून राहिले.

मग हमीसाठी आम्ही दारोदार फिरलो. या गल्लीतल्या लेकींचे लग्नाचे कपडे अम्मीने शिवले होते, मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घातली होती. सगळ्यांनी चहा पाजला. सही कोणी दिली नाही. "भाभी, तुमच्याबद्दल शंका न्हाय. पण पोलीस दारात आले तर?" असे म्हणणारे एक गृहस्थ आज सरांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवअंक काढणाऱ्या समितीवर आहेत. हा मजकूर त्यांनी गाळू नये, एवढीच विनंती.

एक प्रतिज्ञापत्र सरांनी दिले, दुसरे त्यांच्या पत्नीने, आमच्या बाईंनी. पोलीस टेमघरला त्यांच्या घरी चौकशीला गेले, तेव्हा सर म्हणाले, "त्यांची चालचलणूक मला विचारता? माझी कोणी विचारली, तर मी त्यांचीच सही घेईन." त्या सहीपायी त्याच वर्षी सरांच्या आळीतल्या उत्सव मंडळाने त्यांना अध्यक्षपदावरून उतरवले. सर त्याविषयी कधी बोलले नाहीत. मला बाईंकडून कळले.

अखेर मंजुरी आली. ठाण्याला अम्मीने निष्ठेची शपथ मराठीतून घेतली. ती परतली तेव्हा गल्लीत खुर्च्या मांडलेल्या, सही नाकारणारे हार घेऊन उभे. अम्मी थांबली. "मयताला बोलवत होता तेव्हा मी तुमची होते. सहीला परकी झाले. आता कागद आला, तर पुन्हा तुमची?" हार न घेताच ती सरांना म्हणाली, "चला सर, घरी जेवू."

आईच्या कबरीवर मोंबासाला जायला तिला आता व्हिसा लागतो. अजून जाणे झालेले नाही.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, बाईंची साथ लाभो, शंभरीही त्यांनी सहज ओलांडावी. सर, तुम्हाला खूप जगावे लागेल. तुमची जागा घेईल असा माणूस या गावात अजून तरी मला दिसलेला नाही.